रिमोटचे विमान शिकायचे आहे, 8,000 रुपयांत काय घ्यावे?

पूर्णाकाठ: नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातल्या एका गावात राहतो. रिमोटचे विमान उडवायला शिकायचे आहे. रिमोट, बॅटरी, चार्जर धरून 8,000 रुपयांच्या वर जाता येणार नाही. ज्वारी निघाली की आमचे दोन एकर रान मोकळे होते. शिकवणारे जवळ कोणी नाही. पहिले विमान कोणते घ्यावे?

गोदावरी_नांदेड: तेवढ्या पैशांत समाधान होणार नाही. मी पंख वर असलेले, चार चॅनेलचे (रिमोटवरून चार गोष्टी वेगवेगळ्या चालवता येणारे) फोमचे ट्रेनर, म्हणजे शिकाऊ विमान, 22,000 रुपयांना घेतले. त्यातला जायरो तिरपे झालेले विमान स्वतःच सरळ करतो आणि तिसऱ्या वर्षीही ते उत्तम उडते आहे. जुने विमान कोणाकडूनही घेऊ नका.

तुराट्या: माझे मत वेगळे आहे. विकतचे विमान पडले की सुटे भाग येईपर्यंत हंगाम संपतो. मी सनपॅकच्या (पोकळ प्लास्टिकच्या) शीटचे घरीच बनवले. पहिल्या दिवशी ते पऱ्हाट्यांत घुसून नाक मोडले आणि संध्याकाळी गरम गोंदाने चिकटवून पुन्हा उडवले.

लातूरचा_वारा: दोन एकर म्हणजे जेमतेम 90 मीटर बाजूचा चौरस. ताशी 40 किलोमीटरने जाणारे विमान तो आठ सेकंदांत ओलांडते आणि नवशिक्याचा निम्मा वेळ गोंधळण्यातच जातो. शेजाऱ्याचे रान आधी मागून घ्या. उडवायचे ते सकाळी नऊच्या आत. दुपारी वावटळी उठतात.

गोदावरी_नांदेड: जायरो असला की वाऱ्याची एवढी चिंता राहत नाही.

तुराट्या: जायरोच्या भरवशावर शिकलेल्याचा हात कधीच बसत नाही.

काळी_माती: घरी बनवा किंवा विकत घ्या, आधी संगणकावर सिम्युलेटरवर (विमान उडवण्याच्या सरावाच्या प्रोग्रामवर) पंधरा दिवस हात बसवा. विमान आपल्याकडे येऊ लागले की डावे-उजवे उलटे होते. अशा वेळी जो पंख खाली झुकला असेल त्याच बाजूला रिमोटची स्टिक (दांडी) ढकलावी, म्हणजे तो उचलला जातो. हे मला माहीत नव्हते, म्हणून माझे विमान तिसऱ्या मिनिटाला विहिरीच्या कठड्यावर आदळले. लिथियम बॅटरी पत्र्याच्या खोलीत ठेवू नका आणि फुगलेली बॅटरी चार्जरला लावू नका.

नियमवाचक: ड्रोन नियम, 2021 चार पंख्यांच्या यंत्रांपुरतेच नाहीत, त्यांत विमानेही मोडतात. डिजिटल स्काय या सरकारच्या ड्रोनसाठीच्या संकेतस्थळावरील नकाशात आपले रान कोणत्या रंगात येते ते पाहा. लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही.

लातूरचा_वारा: सकाळी नऊच्या आत, हे पुन्हा सांगतो. विमान पंखांखाली दोन बोटांवर तोलून पाहा; तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून साधारण पाव ते एक तृतीयांश रुंदीवर यावा. शेपूट जड असलेले विमान कोणालाच आवरत नाही.

पूर्णाकाठ: सर्वांचे मनापासून आभार. मी जुनेच घेतले आहे. जिंतूरच्या एका काकांकडे दोन मीटर पंखांचे, मोटर असलेले ग्लायडर (लांब पंखांचे, तरंगत उडणारे विमान) होते. रिमोट आणि चार्जरसह 6,000 रुपयांना मिळाले. बॅटरी फुगलेली होती, ती नाकारून 1,400 रुपयांची नवी घेतली. ग्लायडरला रान जास्त लागते हे मान्य आहे, शेजाऱ्यांनी त्यांचे तीन एकर वापरायला होकार दिला आहे. मुख्य कारण असे की काका चार रविवार स्वतः येणार आहेत आणि दोन्ही रिमोट तारेने जोडून, माझा हात चुकला की विमान ते स्वतःकडे घेणार आहेत.

गोदावरी_नांदेड: तरीही त्या पैशांत जायरो हवा होता.