रि: नैरोबी मंडळ, संक्रांतीच्या वाणाच्या पिशव्या – पैसे अडलेत

सुनीता (किलिमानी):
आपल्या पिशव्या शिवणाऱ्या कायोले वस्तीतल्या काँगोवाल्या निर्वासित बाईंनी कापड अजून उचललेलं नाही. निम्मे पैसे आधी लागतील हे मीटिंगमध्ये सांगितलं होतं. ईस्टली बाजारातला किटेंगेवाला (छापील सुती कापडवाला) त्यांना उधारी देत नाही, आणि संक्रांत आपल्यासाठी थांबणार नाही. खजिनदारांनी आज काय ते कळवावं.

खजिनदार:
द्यायला हरकत नाही. पण ई-टिम्सचं, म्हणजे करखात्याच्या सिस्टिममधलं बिल नाही आणि एम-पेसा (मोबाइलवरचं पैशांचं खातं) शेजारणीच्या नावावर! ऑडिटला काय दाखवू? स्टीलच्या डब्यांचं काय झालं ते विसरलात?

सुनीता:
डब्यांची खरेदी माझ्याकडे नव्हती. बाईंचं निर्वासित कार्ड संपलंय, नवीन यायचंय. त्याशिवाय सिम नावावर होत नाही. म्हणून शेजारीण, आणि ती दर वेळी स्वतःचा वाटा कापून घेते.

अरविंदकाका:
केनियाच्या 2021 च्या कायद्याने निर्वासितांना कामाचा हक्क दिलाय ना? परवाना काढावा की रीतसर. ईस्टलीत सोमाल्यांचे मॉलच्या मॉल उभे राहिले, ते कसे?

मीनल:
काका, कागदावर हक्क आहे हो. परमिटसाठी खेटे घालायचे तर त्या दिवसाची शिलाई बुडते. सोमाल्यांच्या मागे परदेशातले नातेवाईक, दुबईचा माल आणि आयुतो, म्हणजे आपली भिशीच. तरी 2014 च्या एप्रिलमध्ये त्याच ईस्टलीतून पोलिसांनी माणसं उचलून कासारानी स्टेडियमवर नेली होती. काँगोच्या कितीतरी बायका दारोदार किटेंगे विकतात. कांजोने, म्हणजे पालिकेच्या शिपायांनी धरलं की गठ्ठा गेला, नाहीतर चिरीमिरी. नैरोबीत राहायचं तर पोट स्वतःच भरायचं, रेशन मिळतं ते काकुमा-दादाबच्या छावणीत.

अरविंदकाका:
चिरीमिरी आम्हीही दिली आहे. इंडस्ट्रियल एरियात वर्कशॉप टाकलं तेव्हा…

खजिनदार:
काका, ते नंतर. कापडाचे पैसे मंडळ थेट किटेंगेवाल्याच्या टिलवर (दुकानाच्या एम-पेसा नंबरवर) भरेल, बिल तो देतो. शिलाई माल आल्यावर रोख, व्हाउचरवर बाईंची सही.

सुनीता:
शिलाईतलेही निम्मे आधी हवेत. मशीन भाड्याचं आहे, भाडं दर आठवड्याला द्यावं लागतं.

खजिनदार:
एक तृतीयांश. आणि तुम्ही जामीन.

सुनीता:
चालेल. पण शेजारणीमार्फत नको, मी शनिवारी स्वतः नेऊन देते.

विद्याताई:
पिशव्यांना नाडी नको, बंद लावायला सांगा. आणि हॉलची किल्ली कोणाकडे आहे?