मदत हवी आहे : धडक देणाऱ्या पिकअपला विमाच नाही, गाडी सुटू नये म्हणून काय करावं?

कराडजवळ वडिलांच्या स्कूटरला पिकअपने मागून उडवलं. मांडीचं हाड मोडलं, रॉड बसवलाय. गुन्हा नोंदला, पंचनामा झाला, पिकअप पोलीस ठाण्याच्या आवारात उभी आहे. एम-परिवहन या सरकारी अॅपवर नंबर टाकला तर विमा संपलेला आणि आरसी (गाडीचं नोंदणी प्रमाणपत्र) भलत्याच माणसाच्या नावावर. चालक म्हणतो, गाडी मी विकत घेतली, नावावर करायची राहिली.

वडिलांच्या पॉलिसीतला वैयक्तिक अपघात विमा मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वालाच लागू आहे, आणि मेडिक्लेम नाही. चालक ५०,००० घ्या आणि मिटवा म्हणतोय. ते मान्य नाही, ऑपरेशनचंच बिल त्याच्या कितीतरी वर गेलंय.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली अर्ज सहा महिन्यांच्या आत करणारच आहोत. एफआयआर, पंचनामा, डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं सगळं जमवलंय. चालकासोबत आरसीवरच्या मालकालाही प्रतिवादी करतोय, कारण २०१८ च्या नवीन कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोंदणीकृत मालकालाच जबाबदार धरलं होतं.

खरी भीती वसुलीची आहे. निकाल आमच्या बाजूने लागला तरी पैसे द्यायला विमा कंपनीच नाही, हाताशी आहे ती फक्त ही गाडी. विमा नसलेली गाडी मालकाने पुरेसं तारण दिल्याशिवाय सोडू नये असा नियम आहे, पण गाडी सुपूर्दनाम्यावर (म्हणजे हमी लिहून देऊन तात्पुरती ताब्यात) मागणारा अर्ज कोर्टात दाखल झाल्याचं कळलंय.

त्यावर हरकत आम्ही स्वतःच्या वकिलामार्फत थेट घेऊ शकतो, की सरकारी वकिलांमार्फतच जावं लागतं? आणि तारणाची रक्कम कशाच्या आधारावर मागायची, आजवरच्या बिलांच्या की पुढच्या संभाव्य भरपाईच्या?