निकाल बघायला आईचंच नाव लागतं. म्हणून आईने तो बघावा का?

तासगावची आई

मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, ईअँडटीसीला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमला. पुणे विद्यापीठाचा निकाल ऑनलाइन बघायला दोनच गोष्टी लागतात, सीट नंबर आणि आईचं नाव. परीक्षेआधी "देवापुढे ठेव" म्हणून त्याने हॉल तिकिटाचा फोटो पाठवला होता, त्यावर नंबर होता. निकाल लागला त्या दिवशी फोनवर म्हणाला, "सगळं क्लिअर आहे गं." आवाज ओढलेला वाटला. रात्री मागचं आवरून झाल्यावर ओट्यापाशी उभ्यानेच नंबर टाकला, खाली माझं नाव टाकलं. एम-थ्री, म्हणजे तिसरं गणित, राहिलाय. सर्किट्सपण राहिलाय.

त्याला अजून काही बोलले नाही. ह्यांनाही सांगितलं नाही, द्राक्षाची काढणी चालू आहे, पहाटे पाचला बागेत असतात.

माझं मत असं की दुसऱ्या वर्षी आईवडिलांनी निकाल स्वतः बघितलाच पाहिजे. पहिल्या वर्षी आपण डोळ्यांत तेल घालून असतो. दुसऱ्या वर्षी पोरं हॉस्टेल सोडून नऱ्ह्याला फ्लॅट घेतात, दोन खोल्यांत पाच जण, आणि आपण "आता रुळला" म्हणून निर्धास्त होतो. विषय मात्र तेव्हाच अवघड होतात. तुम्हाला काय वाटतं?

लेकीचा बाबा, नाशिक

ताई, मला अजिबात पटलं नाही. मुलगा मतदान करतो, भाड्याच्या करारावर सही करतो, आणि त्याचा निकाल आपण रात्री गुपचूप बघायचा? तुमचं नाव लागतं ते त्याची ओळख पटावी म्हणून. तो तुम्हाला दिलेला हक्क नाही.

माझ्या मुलीचे तिसऱ्या सेमला दोन विषय राहिले होते. वीस दिवस ती काही बोलली नाही. मला अंदाज होता, पण मी विचारलं नाही. मग एका रविवारी स्वतःच आली, वहीत लिहून आणलं होतं, कुठला विषय कधी द्यायचा, कोणत्या मैत्रिणीबरोबर बसायचं. मी आधी खोदून काढलं असतं तर ती नुसती रडली असती. वही आलीच नसती.

एसईला शिकवते

दादा, तुमच्या मुलीचं कौतुक आहे. पण वीस दिवस थांबणं सगळ्यांना परवडत नाही. उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी आणि रिव्हॅलची, म्हणजे फेरतपासणीची, मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते. ती गेली की मग पुढची परीक्षा.

ताई, एक गोष्ट आधी तपासा. त्याचा एफईचा, म्हणजे पहिल्या वर्षाचा, एखादा विषय राहिलाय का? एफईचे सगळे विषय सुटल्याशिवाय टीईला, म्हणजे तिसऱ्या वर्षाला, प्रवेश मिळत नाही. एसईचे, म्हणजे दुसऱ्या वर्षाचे, एकदोन राहिले तर मूल पुढे जातं, पण मागे एम-वन अडकला असेल तर वर्ष जातं. दरवर्षी जुलैत माझ्यापुढे असे पालक बसतात ज्यांना वायडी, म्हणजे वर्ष वाया जाणं, हा शब्द त्याच दिवशी पहिल्यांदा कळलेला असतो. बाप गप्प, मूल खिडकीबाहेर बघतंय. ते मला बघवत नाही. म्हणून मी म्हणते, बघा. जरूर बघा.

दोनदा एम-थ्री दिलेला

मॅडम, मी त्या खुर्चीत बसलेला मुलगा आहे. डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला आलो. बारावीचं गणित नाही, एम-वन, एम-टू नाही, आणि पहिल्याच सेमला एम-थ्रीतलं लाप्लास. सर फळ्यावर इंटिग्रेशनच्या तीन पायऱ्या गाळून पुढे जायचे, बाकीच्यांना त्या दिसायच्या, मला नाही. वर्गातले सगळे डिप्लोमावाले मागच्या बाकांवर, कोणी विचारायचं नाही.

माझ्या वडिलांनी निकाल असाच काढला. रात्री अकराला फोन, "आम्ही इथे पोटाला चिमटा काढतोय." खरंच काढत होते. पण त्यानंतर तीन महिने मी घरी गेलो नाही, दिवाळीलाही नाही. शेवटी मावसभाऊ यायला लागला. दर शनिवारी अकरावीच्या पुस्तकापासून सुरुवात. मला क्लास लावायचा होता, पैसे मागायची लाज वाटत होती. घरून एवढंच कोणी विचारलं असतं, "कुठे अडतंय?", तर ते वर्ष वाचलं असतं.

निकाल बघू नका असं मी म्हणत नाही. बघून लपवू नका.

लेकीचा बाबा, नाशिक

मित्रा, तुझं वाचून अंगावर काटा आला. तरी मी माझ्या मतावर ठाम आहे. तुला निकाल कळल्याने त्रास झालाच ना? विचारा, शंभरदा विचारा. पण त्याच्या तोंडून ऐका.

एसईला शिकवते

आणि तोंडच उघडलं नाही तर? दादा, काही मुलं जेवण सोडतात, दिवसभर झोपून राहतात, फोन उचलत नाहीत. तिथे वाट बघायची नसते. ताई, त्याच्या रूममेटचा नंबर जवळ ठेवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ पण लिहून ठेवा, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. पालकही फोन करू शकतात.

तासगावची आई

काल सगळं वाचून झोप लागली नाही. दादा, चोरून बघितलं हे तुमचं बोलणं लागलं, कारण ते खरं आहे. पण बघितलं याचा पश्चात्ताप मला होत नाही, मॅडमनी एफईचं सांगितलं ते मला कुठून कळणार होतं? त्याचा एम-टू मागे राहिला होता, सुटला की नाही हे मी कधी विचारलंच नव्हतं.

शनिवारी पहाटेच्या गाडीने स्वारगेटला जाते. आधी त्याला सांगणार की मी निकाल बघितला, तुला न विचारता. मग एम-टूचं विचारीन. दोनदा एम-थ्री दिलेल्या दादा, अकरावीचं कुठलं प्रकरण आधी घेतलं होतं तेवढं सांगाल का? ह्यांच्या कपाटात धाकटीची पुस्तकं आहेत, जाताना घेऊन जाते.

दोनदा एम-थ्री दिलेला

त्रिकोणमितीची सूत्रं. मग डेरिव्हेटिव्ह, मग इंटिग्रेशन, त्यासाठी बारावीचंही पुस्तक घ्या. आणि काकू, फोटोकॉपीची शेवटची तारीख शनिवारच्या आधी नाही ना, ते आजच बघा.