फसवणुकीला ‘फ्रॉड’ म्हणण्यात गैर काय?

पर्वतीकर
कोथरूडला राहणाऱ्या माझ्या सासऱ्यांना गेल्या महिन्यात ‘बिल भरले नसल्याने आज रात्री साडेनऊला आपली वीज तोडण्यात येईल’ असा संदेश आला. त्यातील क्रमांकावर त्यांनी फोन केला, समोरच्याच्या सांगण्यावरून मोबाइलमध्ये एक ॲप घेतले आणि ४८ हजार रुपये गमावले. चार दिवस ते कोणाशी धड बोलले नाहीत. सासूबाईंनी पासबुक भरून आणले तेव्हा कुठे ते म्हणाले, ‘अगं, फ्रॉड झाला.’ आयुष्यभर मराठी शिकवलेल्या माणसाच्या तोंडी हा शब्द ऐकून मी चमकलो, पण नंतर पटले. आपल्याकडे टोपी घालतात, शेंडी लावतात, मामा बनवतात, तोंडाला पाने पुसतात. या प्रत्येक चित्रात फसलेला माणूस तेवढा दिसतो आणि हसे त्याचेच होते. इंग्रजी शब्द लबाडाकडे बोट दाखवतात. चार्ल्स पॉन्झीने १९२० मध्ये बोस्टनमध्ये आंतरराष्ट्रीय टपाल कूपनांच्या नावाखाली ४५ दिवसांत ५० टक्के नफा कबूल केला आणि नव्यांचे पैसे जुन्यांना वाटले. शंभर वर्षांनंतरही ‘पॉन्झी’ म्हटले की बदनामी त्याचीच होते, बुडालेल्यांची नाही. म्हणून या एका विषयात तरी इंग्रजी शब्दांना आडकाठी नसावी.

जुना पेठकर
आपल्या सासऱ्यांविषयी वाईट वाटले, मात्र आपल्या तराजूला पासंग आहे. मराठीतून आपण वाक्प्रचार उचललेत आणि इंग्रजीतून संज्ञा. फसवणूक, अफरातफर, अपहार हे शब्द कोणाला हसतात? उलट इंग्रजीतील ‘गलिबल’च्या मुळाशी असलेला ‘गल’ म्हणजे सहज बनणारा बावळटच, आणि ‘सकर’बद्दल तर बोलायलाच नको. शिवाय ‘तोतया’सारखा नेमका शब्द आपल्या घरचा आहे. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून मिरवणाऱ्याला १७७६ मध्ये देहान्त शासन झाले, ते याच पुण्यात; आज पोलिसाचा गणवेश चढवून व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अरेस्ट’ करणारा त्याच्याच पंक्तीतला. भारतीय कायद्यात अशी अटकच नाही. म्हणजे हे नाव चोराने ठेवलेले आहे, आणि आपण ते बातम्यांत जसेच्या तसे छापून त्याला कायद्याचा वास देतो. ‘तोतया पोलीस’ म्हटले की निम्मी भीती तिथेच ओसरते.

टंकलेखिका, शिवाजीनगर
वकिलांकडे तक्रारी टंकित करण्याचे काम मी बरीच वर्षे करते, म्हणून व्याकरणाचा एक मुद्दा मांडते. ‘टोपी घातली’ म्हटले की ‘कोणी?’ हा प्रश्न आपोआप उभा राहतो. ‘फ्रॉड झाला’ हे मात्र ‘पाऊस झाला’सारखे आहे, त्यात करणारा कोणी उरतच नाही. त्यामुळे पर्वतीकरांचा युक्तिवाद नेमका उलटतो. समोर बसलेला माणूस ‘स्कॅम झाला’ म्हणतो तेव्हा मला दहा प्रश्न विचारावे लागतात: विश्वास संपादन करून पैसे घेतले की दुसऱ्याच्या नावाने, की नुसता दुवा पाठवून? ‘कॉन’ हा शब्द निदान आपले मूळ सांगतो. १८४९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये पकडलेला विल्यम थॉम्पसन अनोळखी माणसाला ‘उद्यापर्यंत आपले घड्याळ माझ्याकडे ठेवण्याइतका विश्वास आहे का?’ असे विचारी आणि घड्याळ घेऊन पसार होई. त्या विश्वासावरूनच, म्हणजे ‘कॉन्फिडन्स’वरून, ‘कॉन्फिडन्स मॅन’ आला आणि ‘कॉन’ हे त्याचेच लघुरूप. आपला ‘विश्वासघात’ तेच सांगतो. कलमाचेही तसेच आहे: १ जुलै २०२४ पासून फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या ३१८व्या कलमात गेली, तरी पक्षकारांच्या तोंडी अजून ‘चारशेवीस’च आहे.

विद्यार्थी सहायक
एक पोटमुद्दा. ‘भामटा’ मात्र जपून वापरावा, कारण ते एका समाजाचेही नाव आहे आणि ब्रिटिशांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यापासून अशा समाजांवर बसलेला शिक्का अजून पुसलेला नाही. इंग्रजीत जिप्सी लोकांवरून आलेले ‘जिप’ हे क्रियापद आता सभ्य माणसे टाळतात. आपला ‘ठग’ इंग्रजीत जाऊन ‘थग’ झाला तो वेगळ्या कारणाने बिघडला: तिथे त्याची चलाखी गेली आणि नुसती दांडगाई उरली.

पर्वतीकर
‘डिजिटल अरेस्ट’बाबत मी शब्द मागे घेतो, आणि व्याकरणही मान्य आहे. पण ज्या वाक्यात कर्ता नाही, तेच वाक्य सासऱ्यांना उच्चारता आले. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन केला असता, तर पैसे पुढच्या खात्यात वळण्यापूर्वी कदाचित अडवता आले असते. ते चार दिवस गप्प का राहिले, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘मला गंडवले, हे जावयाला कोणत्या तोंडाने सांगू?’ तक्रार मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली. तीत ‘फसवणूक’ हा शब्द सहा वेळा आहे आणि ‘फ्रॉड’ एकदाही नाही, हे पेठकरांच्या समाधानासाठी नोंदवतो.