लूप, फेरा की आवर्तन?

जावास्क्रिप्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा नव्याने शिकणाऱ्यांसाठी ‘फॉर लूप’ला, म्हणजे एखादं काम ठरावीक वेळा करून घेणाऱ्या रचनेला, ‘फेरा’ म्हणावं का, असं विचारलंय. मला नाही पटत. फेरा म्हटलं की जन्ममरणाचा फेरा आठवतो. फेऱ्यात माणूस सापडतो, सुटत नाही. अट चुकून ब्राउझरचा टॅब गोठतो, त्या न संपणाऱ्या लूपला हा शब्द द्यावा.

किती वेळा करायचं हे आधीच ठरलेलं असतं, तिथे आपल्याकडे ‘आवर्तन’ आहे. गणपतीत आमच्या घरी अथर्वशीर्षाची 21 आवर्तनं होतात. आजी 21 सुपाऱ्या घेऊन बसायची. एक आवर्तन झालं की एक सुपारी वाटीत. फलश्रुती मात्र शेवटी एकदाच.

फॉरची बांधणी हीच. साध्या कंसात तीन गोष्टी, मध्ये अर्धविराम: मोजणी कुठून, कुठवर, आणि दर वेळी वाढ किती. महिरपी कंसात जे लिहाल ते 21 वेळा होणार. फलश्रुतीची ओळ तो कंस मिटल्यावर लिहायची. नवशिके ती हमखास आत ठेवतात आणि निकाल 21 वेळा छापला जातो.

मोजणी ठेवणारा ‘आय’ (i) शून्यापासून का, हेही सुपारीवरूनच सांगते. आय म्हणजे वाटीत पडलेल्या सुपाऱ्या. सुरुवातीला वाटी रिकामी, म्हणून 0. अट ‘आय 21 पेक्षा लहान’. तिथे ‘लहान किंवा समान’ लिहिलंत तर आवर्तनं 22 होतात.

शेतकऱ्यालाही हा शब्द नवा नाही. कालव्याला रब्बीचं दुसरं आवर्तन सुटलं, असं तो रोज बोलतो. मग ‘पुनरावृत्ती’ का नको? त्यात तेच ते पुन्हा, असा सूर आहे. इथे आय दर वेळी बदलतो. शिवाय सॉफ्टवेअरची ‘आवृत्ती’ आधीच रूढ आहे, मुलं गोंधळतात.

अडचण एकच. आवर्तन ही एक खेप झाली. 21 मिळून जे होतं त्याला वेगळं नाव हवं. तिथे मी ‘लूप’च ठेवते. ‘लूप लाव’, ‘लूप फिरव’ असं मुलं सहज म्हणतात, तो शब्द आता मराठीच झालाय. मग वाक्य असं होतं: लूप बरोबर लागलाय, पण पाचव्या आवर्तनात किंमत रिकामी येतेय.