चौकोनी पडदा, काळ्या पट्ट्या आणि हा दोलान नक्की कोण?

रंकाळ्याचा_एडिटर (प्रश्न)

मंडळी, आधी माझी फजिती सांगतो. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणे हा आपला धंदा, कोल्हापुरात राजारामपुरीत एका गाळ्यात बसतो. परवा रात्री मित्राच्या सांगण्यावरून 'मॉमी' हा चित्रपट लावला. चित्र मधोमध चौकोनी, दोन्ही बाजूंना जाड काळ्या पट्ट्या. म्हटलं टीव्हीचं सेटिंग गंडलं. रिमोट घेऊन झूम केलं, तर बाईचं कपाळही गेलं आणि हनुवटीही. पंधरा मिनिटं ह्यातच गेली. शेवटी वैतागून तसाच बघत बसलो. बऱ्याच वेळानं त्या बाईचा दंगेखोर पोरगा चाकांच्या फळीवरून रस्त्यानं येतो, दोन्ही हात पुढे धरतो आणि दाराची फळकुटं सारावीत तशा त्या पट्ट्या बाजूला सारतो. सगळा पडदा उघडतो. मी खुर्चीतनं उठलोच लगा. ज्या पट्ट्या मी रोज क्रॉप करून घालवतो, त्या ह्यानं मुद्दाम सांभाळून ठेवलेल्या!

मग शोधलं तर कळलं, दिग्दर्शक झाविए दोलान, जन्म १९८९ चा, आणि मुळात नट. आता माझा प्रश्न. आपल्याकडं शूटिंग होतं त्या मालिकांत मी पाच-सहा बारके रोल केलेत. दोनदा हवालदार, एकदा चहावाला, बाकी गर्दीत. दर वेळी हातात जो कागद येतो त्यात वाक्यागणिक 'रं' आणि 'लेका'. एकदा म्हणालो, "साहेब, आमच्यात चहावाला असं बोलत नाही." उत्तर आलं, "प्रेक्षकाला रांगडं वाटलं पाहिजे." तेव्हापासनं डोक्यात बसलंय की आपणच लिहावं, आपणच करावं. दोन लाख साठवलेत, हप्त्यावर घेतलेला एक कॅमेरा आहे. दोलानला हे कसं जमलं? फिल्म स्कूल केलं होतं, की बापाचा वशिला?

बाल्कनी_तीन_रुपये

बाळा, थोडं लांबण लागेल, पेन्शनर माणूस आहे.

पोरगं मॉन्ट्रियलचं. कॅनडाचा क्यूबेक प्रांत, तिथली भाषा फ्रेंच. बाप मॅन्युएल ताद्रोस, मूळ इजिप्तचा, नट आणि गायक. चौथ्या वर्षापासून पोरगं जाहिरातीत. तिथल्या एका औषध दुकानांच्या साखळीच्या कितीतरी जाहिराती त्यानं केल्या. त्या कमाईतले साठलेले पैसे पुढं पहिल्या चित्रपटात घातले. शाळकरी वयात आई-मुलाच्या भांडणावर लिहायला घेतलं होतं, त्याचाच 'मी माझ्या आईला मारलं' हा चित्रपट झाला. २००९ ला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या 'डायरेक्टर्स फोर्टनाइट' विभागात गेला, तीन बक्षिसं. वय वीस. मुख्य भूमिकाही स्वतःच केलेली. आईच्या भूमिकेत आन दोर्व्हाल, जिचं कपाळ तू रिमोटनं उडवलंस तीच.

'मॉमी' २०१४ चा. त्याला कानमध्ये ज्यूरी पुरस्कार, तोही गोदार ह्या बुजुर्ग दिग्दर्शकाबरोबर विभागून. एक पंचवीसचा, एक ८३ चा. हे वाचलं तेव्हा मी घरात मोठ्यानं हसलो होतो, बायको म्हणाली काय झालं.

आणि तुझ्या कामाची गोष्ट ही. तो चौकोन 'मॉमी'त एकदम आला नाही. आदल्या वर्षी त्यानं 'अँदोशिन' नावाच्या फ्रेंच बँडच्या गाण्याचा व्हिडिओ केला, काळा-पांढरा, चौकोनी. आणि त्यात 'मॉमी'तला हाच पोरगा, आंत्वान-ऑलिव्हिए पिलाँ. म्हणजे चौकट आणि नट दोन्ही गाण्यात घासून बघितले, मग चित्रपटात आणले. तू वर्षाला लग्नाची गाणी किती करतोस?

पंचगंगा_पार

काका, सगळं खरं, पण पोराला हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका. बाप नट, लहानपणापासून स्टुडिओत वावर, हा वशिला नव्हे तर काय? आपल्याकडं चौथ्या वर्षी जाहिरात कुणाला मिळते? आणि पुढं घसरलाच की तो. 'द डेथ अँड लाइफ ऑफ जॉन एफ. डोनोव्हन' हा इंग्रजी चित्रपट, मोठमोठे स्टार. त्यातल्या जेसिका चॅस्टेन ह्या नटीचं अख्खं काम एडिटमध्ये कापलं. २०१८ ला टोरांटोत दाखवला तेव्हा समीक्षकांनी धुतला. दोन लाख आणि एक कॅमेरा असेल तर आधी कॅमेऱ्याचा हप्ता फेड भावा.

माइक_चालू_आहे

मी पुण्यात डबिंग करते, माहेर शाहूपुरीचं. दोलानचं खरं शिक्षण ह्याच धंद्यात झालं असं माझं मत. क्यूबेकमध्ये चित्रपटांचं वेगळं फ्रेंच डबिंग होतं, पॅरिसचं वेगळं. तिथल्या डबिंगमध्ये 'साउथ पार्क' ह्या कार्टून मालिकेतला स्टॅन दोलानच्या आवाजात आहे, हॅरी पॉटरमधला रॉनही. दुसऱ्याच्या ओठांवर आपलं वाक्य बसवायचं म्हणजे काय हे मी रोज भोगते. एक अक्षर जास्त झालं की तोंड मिटतं आणि आवाज चालूच राहतो. श्वास कुठं घेतला, शब्द कुठं गिळला, हे कानाला कळायला लागतं. मग खोटं वाक्य पाच सेकंदांत ओळखू येतं. दादा, तुमचं ते 'रं' तुम्हाला खटकलं ना, तो कान तुमच्याकडं आहेच.

आणि भाषेचं म्हणाल तर 'मॉमी'तले मायलेक जे बोलतात ती जुआल, मॉन्ट्रियलच्या कामगार वस्त्यांची बोली. शिव्या, इंग्रजी शब्द, गिळलेली अक्षरं. फ्रान्समध्ये चित्रपट लागला तेव्हा ह्या फ्रेंच चित्रपटाला फ्रेंच सबटायटल होती! दोलाननं बोली धुऊन-पुसून पॅरिसजोगी केली नाही, आणि तिला चवीपुरती भडकही केली नाही. आमच्या मालिकांत दुसरी चूक जास्त होते.

बाल्कनी_तीन_रुपये

माइक ताईंनी नेमकं सांगितलं. पंचगंगावाल्यांना एवढंच, की घसरला म्हणून थांबला नाही. 'डोनोव्हन'नंतर वर्षभरात 'मातियास आणि मॅक्सिम' घेऊन परत कानला गेला, मॉन्ट्रियलचेच मित्र, त्यांचीच बोली, आणि एक भूमिका स्वतःची.

वशिल्याचं बोलता तर आपल्याच गावचं बघा. शांताराम वणकुद्रे, म्हणजे पुढचे व्ही. शांताराम, हा कोल्हापूरचा पोरगा बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत आला तेव्हा पडेल ते काम करायचा. १९२१ च्या 'सुरेखा हरण'मध्ये कृष्ण झाला, १९२५ च्या 'सावकारी पाश'मध्ये तरुण शेतकरी. 'नेताजी पालकर' दिग्दर्शित केला १९२७ ला, आणि १९२९ ला चार भागीदारांबरोबर प्रभात फिल्म कंपनी काढली, इथंच, कोल्हापुरात. पुण्याला गेली ती १९३३ मध्ये. बाबूरावांनी तर कॅमेराच स्वतः जुळवला होता. तुझ्याकडं निदान तयार आहे, मग हप्ता राहिला असला तरी.

एक सांग, त्या पट्ट्या परत मिटतात ते लक्षात आलं का?

रंकाळ्याचा_एडिटर

काका, नव्हतं आलं. सगळ्यांचे आभार, पंचगंगाभाऊंचेही, हप्ते अजून अकरा आहेत.

काल परत लावला, ह्या वेळी आई शेजारी निवडत बसली होती. पहिला अर्धा तास "हे पोरगं आईशी असं बोलतंय?" एवढंच चाललेलं. सबटायटल तिला वाचता येत नाहीत, मी मधे-मधे सांगत होतो, तर म्हणाली, "तू गप. मला कळतंय त्यांचं भांडण." मग पडदा उघडला, आनंदाचा तुकडा झाला आणि घरी कोर्टाचा कागद आला. तिथं पट्ट्या हळूहळू आत यायला लागतात. इतक्या हळू की एडिटर असून पहिल्यांदा मला कळलं नव्हतं. मी श्वास धरून बघतोय, आणि आईनं ताटातली मेथी बाजूला सारली, चष्मा वर केला.

"बघ," म्हणाली, "तुझा टीव्ही परत बिघडला."