13 पैकी 13 जिंकूनही बाहेर: फ्लोरिडा स्टेटवर अन्याय झाला की नाही?

टॅलाहासीकर (धागाकर्ता)
अमेरिकन कॉलेज फुटबॉल बघणाऱ्यांनी मत द्यावं. 2023 चा अख्खा सीझन फ्लोरिडा स्टेट (विद्यापीठाची टीम) हरली नाही. एलएसयूला (लुइझियाना स्टेट) 45-24 नं धुतलं, क्लेमसनला त्यांच्याच मैदानावर ओव्हरटाइममध्ये हरवलं. 18 नोव्हेंबरला क्वार्टरबॅक (बॉल फेकून आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू) जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय जायबंदी झाला आणि त्याचा सीझन तिथंच संपला. तरी पुढे फ्लोरिडाला (हे वेगळं विद्यापीठ) 24-15 हरवलं. एसीसी या त्यांच्या कॉन्फरन्सच्या (विद्यापीठांच्या गटाच्या) फायनलला दुसरा क्वार्टरबॅकही डोक्याला मार लागून बाहेर. तिसरा, पहिल्या वर्षाचा ब्रॉक ग्लेन उतरला आणि लुइव्हिलला 16-6 हरवलं. दुसऱ्याच दिवशी निवड समितीने प्लेऑफला (राष्ट्रीय चॅम्पियन ठरवणाऱ्या चार संघांच्या फेरीला) मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सस आणि अलाबामा घेतले. शेवटचे दोघे एकेक मॅच हरलेले! मोठ्या पाच कॉन्फरन्सपैकी एकीचा अपराजित विजेता बाहेर ठेवला, असं चार संघांच्या प्लेऑफमध्ये आधी कधीच झालं नव्हतं. मग मॅच खेळायच्या कशासाठी?

रविवारची_मॅच
असहमत. महत्त्वाच्या खेळाडूच्या दुखापतीचा विचार करायची मुभा समितीच्या नियमातच आहे, ऐनवेळी काढलेली पळवाट नव्हे. समितीला त्या दिवशीचे सर्वोत्तम चार निवडायचे होते. अलाबामाने सलग 29 मॅच जिंकलेल्या जॉर्जियाला 27-24 हरवलं होतं. आणि अलाबामा आत म्हटल्यावर तिला तिच्याच घरी 34-24 हरवणारा टेक्सस बाहेर कसा ठेवणार?

टॅलाहासीकर
2014 ची ओहायो स्टेट आठवा. तिथंही तिसरा क्वार्टरबॅक, कार्डेल जोन्स. त्यांना घेतलं आणि ते चॅम्पियन झाले. तिसऱ्या क्वार्टरबॅकवर जिंकता येत नाही, हे ठरवणारे आपण कोण?

रविवारची_मॅच
उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातंय. जोन्सच्या पहिल्या मोठ्या मॅचला ओहायो स्टेटने विस्कॉन्सिनला 59-0 हरवलं. इथे 16-6. फरक दिसतोय ना?

डिफेन्सवाली
16-6 मधला 6 बघा की! लुइव्हिलला एकही टचडाउन (बॉल शेवटच्या रेषेपार नेणं) करू दिला नाही. क्वार्टरबॅक म्हणजेच टीम, असं धरून चालणाऱ्यांना डिफेन्स दिसतच नाही. ट्रॅव्हिसने स्वतः लिहिलं होतं की पाय सीझनमध्ये आणखी आधीच मोडला असता तर बरं झालं असतं, म्हणजे ही टीम एकट्या क्वार्टरबॅकची नाही हे लोकांना दिसलं असतं. विशीतल्या पोराला असं वाटावं? वाचून पोटात तुटलं माझ्या.

निकाल_बघा
ऑरेंज बोलमध्ये (प्लेऑफबाहेरची सीझनअखेरची मॅच) फ्लोरिडा स्टेट जॉर्जियाकडून 63-3 हरली. आणखी काय सिद्ध करायचं?

टॅलाहासीकर
त्या मॅचला वीसहून जास्त खेळाडू उतरलेच नव्हते. जिंकून काही मिळणार नाही म्हटल्यावर एनएफएलच्या (व्यावसायिक लीगच्या) उंबरठ्यावरची मुलं अंगाला धोका का लावून घेतील? तो निकाल समितीच्या निर्णयाचा परिणाम आहे, समर्थन नव्हे.

रविवारची_मॅच
हे मान्य, 63-3 पुरावा म्हणून मीही धरत नाही. पण अलाबामाने रोझ बोलमध्ये (प्लेऑफची सेमीफायनल) मिशिगनला ओव्हरटाइमपर्यंत खेचलं, 27-20 हरले. तेच मिशिगन पुढे चॅम्पियन झालं. निवड चुकली असं मी अजूनही म्हणणार नाही.

डिफेन्सवाली
आणि पुढच्याच वर्षी प्लेऑफ 12 संघांचं केलं, पाच कॉन्फरन्स विजेत्यांना हमखास जागा दिली. 2023 ला हाच नियम असता तर फ्लोरिडा स्टेट कुणाला न विचारता आत गेली असती. त्या मुलांना मात्र तो सीझन परत मिळणार नाही.